मोदेनाची खाणावळ

उत्तर इटलीत रिमिनी या सागरतीरावरील शहरापासून प्याचेंझापर्यंत जाणारा एक सरळसोट रस्ता आहे. इ. स. पूर्व १८७ मध्ये मार्कुस एमिलिउस लेपिदुस या रोमन कॉन्सलने तो बांधविला, आणि त्याच्याच नावावरून त्या सबंध प्रदेशाला एमिलिया हे नाव पडले. बोलोन्या, मोदेना, रेज्जो, पार्मा ही शहरे या रस्त्यावर माळेतील मण्यांसारखी ओवलेली आहेत. पो नदीच्या गाळाने समृद्ध झालेले हे सपाट मैदान हिवाळ्यात धुक्याने झाकलेले असते आणि उन्हाळ्यात घामाने भिजविते. डोंगर नाही, समुद्र नाही. प्रवाशाला भुलविणारे असे प्रथमदर्शनी काहीच नाही. तरीही अन्नाच्या बाबतीत इटालियन माणूस या रस्त्याचे नाव आदराने घेतो.

त्यांतील मोदेना हे दोन लाखांहूनही कमी वस्तीचे शहर. विख्यात गायक लुचानो पावारोत्ती १९३५ मध्ये येथेच जन्मला. फेरारी मोटारींचा कारखाना जवळच्या मारानेल्लो गावी आहे. १०९९ मध्ये बांधावयास घेतलेले येथील कॅथीड्रल आणि त्याच्या शेजारचा गिर्लांदिना मनोरा यांची १९९७ मध्ये जागतिक वारसास्थळांत गणना झाली. परंतु मोदेनाचे खरे वैभव तळघरांत, माळ्यांवर आणि स्वयंपाकघरांत दडलेले आहे, आणि ते सारे एका मराठी क्रियापदात सांगता येण्याजोगे आहे. ते क्रियापद म्हणजे ‘मुरणे’.

पार्मिजानो रेज्जानो हे चीज पाहा. संध्याकाळचे दूध रात्रभर पसरट हौदांत ठेवून त्यावरची साय काढतात, सकाळच्या ताज्या दुधात ते मिसळतात आणि तांब्याच्या कढयांत त्याला विरजण लावतात. सुमारे साडेपाचशे लिटर दुधातून जेमतेम चाळीस किलोंचे एक चाक निघते. ते मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात व मग फळीवर चढवितात. किमान बारा महिने लोटल्यावाचून त्याला पार्मिजानो म्हणवून घेण्याचा अधिकार मिळत नाही. परीक्षक लहानशा हातोडीने चाकावर टकटक करून, कान लावून, आतला दोष ओळखतो. आपल्या शाकाहारी वाचकांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी : हे विरजण वासराच्या जठरातून काढलेले असते.

मोदेनाच्या पारंपरिक ‘बाल्सामिको’ शिरक्याची कथा याहूनही धीराची आहे. द्राक्षांचा रस आटवून तो एकापेक्षा एक लहान होत जाणाऱ्या पिंपांच्या रांगेत भरतात. ओक, चेस्टनट, चेरी, तुती अशा निरनिराळ्या लाकडांची ही पिंपे घराच्या माळ्यावर असतात. कारण उन्हाळ्याची काहिली आणि हिवाळ्याची थंडी या दोन्ही त्याला मानवतात. दरवर्षी सर्वांत लहान पिंपातून थोडासा शिरका काढावयाचा, त्याची भर शेजारच्या मोठ्या पिंपातून करावयाची, त्याची त्याहून मोठ्यातून, आणि शेवटच्या पिंपात नवा रस ओतावयाचा. बारा वर्षे हा किमान काळ. पंचवीस वर्षे मुरलेल्या शिरक्याला ‘अतिवृद्ध’ अशी पदवी मिळते. मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपांची नवी रांग सुरू करावयाची आणि लग्नात ती तिला आंदण द्यावयाची, अशी जुन्या घरांतून रीत होती.

या सर्व व्यवहाराची स्वामिनी म्हणजे ‘रेझ्दोरा’. एमिलियाच्या बोलीत हा शब्द घर चालविणाऱ्या कर्त्या स्त्रीसाठी आहे. तिच्या हातातले लाटणे आपल्या लाटण्याच्या दुपटीतिपटीने लांब असते. अंडी घालून मळलेल्या कणकेची ती एवढी पातळ पारी लाटते की पलीकडचे दिसावे. त्या पारीचे लहान चौकोन कापून, त्यांत डुकराचे मांस, हॅम, मोर्तादेल्ला, चीज आणि जायफळ यांचे सारण ठेवून, बोटाभोवती मुडपून ती ‘तोर्तेल्लिनी’ करते. आकार जितका नाजूक, तितका हात सरस. मोदकाच्या कळ्या मोजणाऱ्या आपल्या आजेसासूबाईंना ही परीक्षा समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. नाताळात ही तोर्तेल्लिनी मांसाच्या गरम सारात घालून घरोघरी खातात, आणि आपल्याच आजीची सर्वांत उत्तम याविषयी प्रत्येकाची खात्री असते.

अशा या गावात व्हिया स्तेल्ला नावाच्या एका अरुंद गल्लीत ‘ओस्तेरिया फ्रांचेस्काना’ आहे. ओस्तेरिया म्हणजे साधी खाणावळ. मोदेनाचेच सुपुत्र मास्सिमो बोत्तुरा यांनी ती १९९५ मध्ये सुरू केली. १९६२ मध्ये जन्मलेले बोत्तुरा लहानपणी थोरल्या भावांच्या माऱ्यातून वाचण्यासाठी स्वयंपाकघरातील टेबलाखाली दडत आणि आजी वर तोर्तेल्लिनी वळीत असे. पाककलेचे पहिले दर्शन त्यांना असे खालून वर घडले. कायद्याचा अभ्यास अर्धवट सोडून १९८६ मध्ये त्यांनी गावाबाहेर रस्त्याकडेचे एक लहान भोजनगृह घेतले. तेथे शेजारच्या लिदिया क्रिस्तोनी या जाणत्या बाईंनी त्यांना हाताने पारी लाटावयास शिकविले. पुढे मोंते कार्लो येथे फ्रेंच आचार्य आलें द्युकास आणि स्पेनमध्ये फेर्रान आद्रिया यांच्या पाकशाळांत त्यांनी उमेदवारी केली. म्हणजे रेझ्दोराची शिकवण प्रथम आणि परदेशी विद्या नंतर, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

खाणावळ हे नाव कायम असले तरी आतला प्रकार निराळा. टेबले फक्त बारा. भिंतींवर आधुनिक चित्रकला. येथे येणारा पाहुणा बहुधा एकेक पदार्थ निवडीत नाही. आचारी ठरवील त्या क्रमाने दहा-बारा पदार्थ, प्रत्येकी दोन-चार घासांचे, तीन-साडेतीन तासांत त्याच्यापुढे येतात. या पद्धतीला इटालियनमध्ये ‘देगुस्ताझ्योने’, म्हणजे आस्वाद घेणे, असे म्हणतात. १९७० नंतरच्या फ्रेंच नव्या पाककलेने ती रूढ केली आणि इटलीत तिला प्रतिष्ठा मिळवून दिली ती मिलानच्या ग्वाल्तिएरो मार्केझी यांनी. १९७७ मध्ये त्यांनी भोजनगृह काढले आणि १९८५ मध्ये मिशेलिन मार्गदर्शिकेचे तीन तारे मिळविणारे ते पहिले इटालियन ठरले. केशरी भातावर सोन्याचा चौकोनी वर्ख ठेवून तो काळ्या ताटलीत वाढण्याची त्यांची कल्पना प्रसिद्धच आहे.

बोत्तुरांच्या ज्या पदार्थांनी जगाचे लक्ष वेधले, त्यांची नावे ऐकूनच कुतूहल वाटावे. ‘पार्मिजानोची पाच वये’ या पदार्थात त्या एका चीजवाचून जवळजवळ दुसरे काही नाही. चोवीस महिने मुरलेल्याचा गरम, हलका फुगीर गोळा. तीस महिन्यांची दाटसर चटणी. छत्तीस महिन्यांचा थंड फेस. चाळीस महिन्यांचा कुरकुरीत पापड. आणि पन्नास महिने मुरलेल्याचा केवळ हवेसारखा बुडबुडा. पाचही पांढुरक्या रंगाचे. सारा भेद काळाचा. दुसऱ्या एका ताटलीत लाझान्याचा केवळ करपट, कुरकुरीत कोपरा असतो. भट्टीतून परात बाहेर येताच घरातली मुले ज्यासाठी भांडतात तोच. आपल्याकडे भाताच्या खरवडीसाठी होणारी ओढाताण आठवावी. तिसऱ्यात पो नदीच्या मुखाकडील कोमाक्क्यो येथील वाम मासा आहे. १५९८ मध्ये फेर्रारा गमावून एस्ते घराण्याने राजधानी मोदेनास आणली, त्या स्थलांतराची आठवण त्यात आहे. आणि एकदा ताकाहिको कोंदो या जपानी सहकाऱ्याच्या हातून लिंबाचे एक टार्ट निसटून फुटले. तेव्हा रागावण्याऐवजी बोत्तुरांनी ते फुटलेले टार्टच पदार्थ म्हणून कायम केले.

हे सारे गावाने सहज मान्य केले असे मात्र नाही. उकडलेल्या मांसाचा जुना मानाचा पदार्थ त्यांनी पाण्यात न उकडता बंद पिशवीत मंद आचेवर शिजविला, कारण एरवी चव पाण्यात निघून जाते. सारावर केवळ सहा तोर्तेल्लिनी ओळीने मांडून दिली. जेथे एका चमच्यात दहा घेण्याची सवय, तेथे ताटलीत सहा! आजीच्या पाककृतीला हात लावणे म्हणजे मोदेनात धर्मद्रोहच. प्रारंभीची काही वर्षे टेबले रिकामी राहत. पुढे महामार्गावरील खोळंब्यामुळे एक नामांकित समीक्षक मोदेनात थांबला, येथे जेवला, त्याने अनुकूल लिहिले आणि वारे फिरले. २००२ मध्ये पहिला तारा आला, २०११ च्या अखेरीस तिसरा. २०१६ आणि २०१८ या दोन वर्षी जगातील पन्नास उत्तम भोजनगृहांच्या प्रसिद्ध यादीत या खाणावळीने पहिला क्रमांक पटकाविला.

मराठी माणसाला या भोजनपद्धतीत ओळखीचे काही सापडते काय? मला वाटते, सापडते. आपल्या पंगतीतही काय वाढावयाचे हे यजमान ठरवितो, पाहुणा नव्हे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. आरंभी वरणभात, मध्ये पक्वान्न, शेवटी ताकभात, हा क्रम कोणी मोडीत नाही. युरोपातही एकोणिसाव्या शतकापर्यंत थोरामोठ्यांच्या मेजवानीत अनेक पदार्थ एकदम मांडीत. एकामागून एक वाढण्याची रीत रशियाकडून आली. फरक आहे तो आग्रहाचा. पंगतीत यजमानाचे प्रेम पुन्हा वाढण्यात दिसते. येथे ते पुन्हा न वाढण्यात आहे. दुसरा घास मागावासा वाटतो तोच ताटली उचलली जाते, आणि चव जिभेऐवजी स्मरणात राहते.

आक्षेप घ्यावयाचा तर तोही सबळ आहे. माणशी तीनशे युरोंहून अधिक मोजून आजीच्या स्वयंपाकाची आठवण विकत घ्यावयाची, यात विसंगती नाही काय? ज्या शेतकरी घरांत हे अन्न जन्मले, त्यांना ही बारा टेबले परवडली नसती. हा प्रश्न बोत्तुरांच्या कीर्तीने सुटत नाही. त्यांच्या पुढील कार्याने मात्र त्याला काही अंशी उत्तर मिळते. २० आणि २९ मे २०१२ रोजी एमिलियाला भूकंपाचे हादरे बसले आणि गोदामांच्या उंच फळ्यांवरून चीजची लाखो चाके कोसळली. तेव्हा त्यांनी रोमच्या शेवयांच्या एका प्रसिद्ध पदार्थाला अनुसरून तांदूळ, पार्मिजानो आणि मिरपूड यांचा अगदी साधा भात रचला, आणि तो घरोघरी करून फुटलेली चाके खपवावीत असे आवाहन केले. २०१५ मध्ये मिलानच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी तेथील एका जुन्या नाट्यगृहात, उरलेल्या अन्नातून निराधारांसाठी उत्तम जेवण रांधणारे भोजनालय उभे राहिले. शिळ्या पावाच्या चुऱ्यात चीज आणि अंडी घालून ‘पासातेल्ली’ करण्याची एमिलियातील जुनी रीत आहे. आपल्या फोडणीच्या पोळीची ती बहीणच. ज्या आचाऱ्याला पावाच्या चुऱ्याची किंमत कळते, त्याच्या सोन्याच्या ताटलीकडे आपण थोड्या सहानुभूतीने पाहू शकतो. मोदेनातच स्वमग्न तरुणांना गावच्या आजीबाई तोर्तेल्लिनी वळावयास शिकवितात असा एक उपक्रम आहे. त्यालाही बोत्तुरा दांपत्याचा आधार आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या घरांना या सगळ्यात विचार करण्यासारखे काही आहे असे मला वाटते. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्याबरोबर जे घराण्यांमागून घराणी ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्यास आली, त्यांनी बरोबर गोडा मसाला आणला, पुरण आणले, चैत्रातले पन्हे आणले. पुढे शेजारच्या चवी त्यात मिसळल्या. आता अशा घरांतून दोन टोके दिसतात. काही ठिकाणी कृतीत तसूभरही बदल चालत नाही, आणि म्हणूनच तरुण मंडळी ती शिकत नाहीत. काही ठिकाणी बदल एवढा झाला की मूळ काय होते हेच कोणाला सांगता येत नाही. मोदेना तिसरी वाट दाखविते. आधी लाटणे हाती घेऊन वर्षानुवर्षे शिकावे, आणि मग नम्रपणे विचारावे : हे असे का? पुरण एवढे शिजवावयाचे ते कशासाठी? मसाला भाजताना कोणता जिन्नस शेवटी, आणि तो का? ज्या प्रश्नाला उत्तर आहे, ती रीत टिकेल. ज्याला उत्तर नाही, ती बदलली तरी आजीचा अपमान होत नाही. नोवेल्लारा या रेज्जोजवळच्या गावी २००० साली मोठा गुरुद्वारा उभा राहिला, कारण या प्रदेशातील गाईगुरांची निगा पंजाबहून गेलेली कितीतरी माणसे राखतात. म्हणजे इटलीच्या त्या अभिमानाच्या चीजमागेही आपले घर सोडून दूर वसलेल्यांचे हात आहेत.

व्हिया स्तेल्लामधले टेबल महिने आधी ठरवूनही मिळेलच असे नाही. न मिळाल्यास प्रवाशाने खंत करू नये. कॅथीड्रलपासून थोड्याच अंतरावर १९३१ मध्ये बांधलेली आल्बिनेल्ली ही छपराची मंडई आहे. सकाळी तेथे जावे. पार्मिजानोची चोवीस महिन्यांची आणि छत्तीस महिन्यांची अशी दोन लहान तुकडी मागून घ्यावी, आधी कोवळे आणि मग जुने असे सावकाश चाखावे, आणि मधल्या बारा महिन्यांनी काय केले ते जिभेला विचारावे.