व्हिक स्टॉकवेलचं कोडं

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातला सर्वांत उंच डोंगर म्हणजे बार्टल फ्रिअर. मुंबईच्या किल्ल्याचा तट ज्यांच्या कारकिर्दीत पाडला गेला, त्या गव्हर्नर फ्रिअरसाहेबांचंच हे नाव. त्या देशात सर्वांत जास्त पाऊस कोसळतो तो याच डोंगरांत. अंगावर शेवाळ सुकू न देणाऱ्या या रानात चाळीस मीटर उंचीचा एक पुराणपुरुष उभा आहे.

वनरक्षक व्हिक्टर स्टॉकवेल यांच्या नजरेत हे झाड भरलं, पण ते कोणत्या घराण्यातलं, हे काही कळेना. मग लोकच त्याला ‘व्हिक स्टॉकवेलचं कोडं’ म्हणू लागले. एवढं थोराड झाड, पण बारसं झालं २००२ साली: स्टॉकवेलिया क्वाड्रिफिडा. त्याच्या प्रजातीत दुसरी जात नाही. एकटंच आहे बिचारं.

भावकी मात्र अफाट. आपली निलगिरी त्यातलीच! सर्दी झाली की आई रुमालावर जिच्या तेलाचे दोन थेंब टाकायची, तीच. या निलगिरीचे सातशेच्या वर प्रकार. उन्हाला, दुष्काळाला, वणव्याला न डगमगणारी ही मंडळी. खोड जळून कोळसा झालं तरी सालीखालून नवे कोंब फुटतात. माणसानं त्यांना उटीपासून ब्राझीलपर्यंत नेऊन लावलं. या म्हाताऱ्यानं मात्र पाऊस सोडला नाही. त्याचे अगदी जवळचे आप्त दोन. एक ऑस्ट्रेलियाच्याच उत्तरेला, आर्नहेम लँडच्या कातळघळींत; दुसरा समुद्रापलीकडे न्यू गिनी आणि मोलुक्का बेटांवर. एका घरची माणसं अशी पांगलेली पाहिली की मला गलबलून येतं. घराणं किती जुनं म्हणाल, तर निलगिरीची ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीची पानंफळं दक्षिण अमेरिकेत, पॅटागोनियाच्या दगडांत सापडली आहेत.

१९८८ पासून हे रान जागतिक वारसा आहे, तेव्हा कुऱ्हाडीची भीती टळली. पण २०१० साली ऑस्ट्रेलियात एक पिवळा तांबेरा शिरला. जांभूळ, पेरू, निलगिरी ज्या कुळातली, नेमक्या त्याच कुळाच्या कोवळ्या पालवीवर तो बसतो. स्टॉकवेलियाही त्याच कुळातला. आणि रानात आपणहून उगवलेला स्टॉकवेलिया जगाच्या पाठीवर या एवढ्या डोंगरांतच आहे.