नॉट रिस्पॉन्डिंग

तर झालं असं, की तांबड्या समुद्राकाठी थुवलला, २००९ साली उघडलेल्या काउस्ट विद्यापीठात, माझं सॉफ्टवेअर गणित सोडवायला बसलं की खिडकी गोठायची. ५ सेकंद तिनं ओ दिली नाही, की विंडोज 'नॉट रिस्पॉन्डिंग' म्हणून मोकळं! 'रद्द करा'चं बटण होतं. पण गणित आणि खिडकी एकाच थ्रेडवर, दाबलेलं ऐकणार कोण? गणित वेगळ्या थ्रेडवर टाकलं. आता गणित संपेपर्यंत खिडकी आलेले निरोप घेत राहते.

या नादात साताऱ्याहून आईचे तीन फोन मी उचलले नाहीत. रात्री नऊला लावला, तिकडे साडेअकरा.

"अरे, बाबांना दवाखान्यात नेलं होतं. आता बरे आहेत. म्हटलं, तू कामात असशील."

असो. प्रोग्राम तेवढा सुधारला.