एल्खार्ट : चाकांवरच्या घरांचे गाव

शिकागोहून पूर्वेस सुमारे पावणेदोनशे किलोमीटर गेल्यावर, अमेरिकेच्या इंडियाना राज्याच्या उत्तर सीमेजवळ एल्खार्ट हे शहर लागते. सेंट जोसेफ आणि एल्खार्ट या दोन नद्यांच्या संगमावर ते वसले आहे. एकेकाळी बँडच्या वाद्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाची आजची ओळख निराळी आहे. झोपणे, स्वयंपाक आणि स्नान यांची सोय असलेली जी प्रवासी वाहने अमेरिकेत ‘आरव्ही’ म्हणून ओळखली जातात, त्यांपैकी बहुसंख्य याच परिसरातील कारखान्यांत तयार होतात. तेथे आमिश पंथाचे अनेक कारागीर काम करतात. स्वतः मोटार न बाळगणारे हे लोक इतरांसाठी चाकांवरची घरे बांधतात.

शहरातील संग्रहालयात या वाहनांचा इतिहास मांडलेला आहे. १९१३ साली बांधलेला, फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीमागे जोडावयाचा छोटा ट्रेलर तेथे आहे. अभिनेत्री मे वेस्ट यांच्यासाठी १९३१ मध्ये तयार केलेली शेवरोले गाडीही आहे. ही दालने पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. घर चालते करावयाचे तर ते हलके हवे. आणि हलके करावयाचे तर पहिली काटछाट भिंतीत होते.

या भिंतीचे प्रकार मुख्यतः दोन. पहिल्यात सुमारे दीड इंची लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो; त्यावर बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आतून जेमतेम तीन मिलिमीटरचे प्लायवूड. दुसऱ्यात ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या, मध्ये थर्मोकोलसारखा फेस आणि दोन्ही बाजूंस पातळ थर चिकटवून एकसंध पाट बनवलेला असतो. आतून दोहोंवर सुंदर नक्षीचा कागद असल्याने भिंत भक्कम भासते. विटांच्या घरात वाढलेला मनुष्य तेथेच फसतो.

शाकाहारी कुटुंबांना अशा गाडीचे मोठे आकर्षण असते, कारण स्वयंपाकघर बरोबर नेता येते. मग मसाल्याच्या डब्यासाठी फळी, टॉवेलसाठी दांडी, मुलांच्या बिछान्यावर दिवा हवासा वाटतो. तीन मिलिमीटरच्या प्लायवूडमध्ये स्क्रूचे दोन-तीन आटेच काय ते धरतात. रस्त्यावरील हादऱ्यांनी भोक रुंदावते आणि एखाद्या वळणावर भरलेली फळी निजलेल्या मुलाच्या अंगावर येते.

म्हणून भार नेहमी सांगाड्यावर द्यावा. लाकडी सांगाड्याच्या भिंतीवर लोहचुंबक फिरवला तर प्लायवूड ठोकलेल्या लोखंडी पिनांपाशी तो ओढला जातो. तेथे मागे पट्टी आहे असे समजावे. चिकटवलेल्या भिंतीत ही युक्ती बहुधा चालत नाही, कारण ॲल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही. तेथे कारखान्याकडून आराखडा मागवणे उत्तम. कपाटांच्या चौकटी मात्र दोन्ही प्रकारांत भरवशाच्या.

सांगाडा नेमक्या जागी नसेल तर भार पसरावा. भिंत पोकळ असल्यास मागे पंख उघडणारे अँकर हलक्या वस्तू पेलतात. मागे फेस भरलेला असेल तर पंखांना जागाच मिळत नाही. अशा वेळी रुंद फळकुट चांगल्या गोंदाने चिकटवून वस्तू त्यावर बसवावी. त्यापूर्वी तेवढ्या भागातला नक्षीचा कागद काढावा, अन्यथा फळकुट कागदासकट सुटून येते. छोट्या हूकसाठी दुहेरी चिकटपट्टी पुरते. जागा स्पिरिटने पुसून, पट्टी दाबून बसवावी आणि वजन टांगण्यापूर्वी तीन दिवस थांबावे. उन्हात बंद गाडी तापली की पकड सैलावते, म्हणून काचेची वा जड वस्तू तिच्या भरवशावर ठेवू नये.

सर्वांत मोठा धोका लांब स्क्रूचा. तो बाहेरचा पत्रा भेदतो किंवा वीजतारेत, पाण्याच्या नळीत शिरतो. बाहेरून झिरपलेले पाणी महिनोन्‌महिने दिसत नाही. दिसते तेव्हा लाकूड कुजलेले आणि थर फुगलेले असतात. भिंतीची जाडी मोजून आखूड स्क्रू घ्यावा, ड्रिलच्या टोकावर तेवढ्या खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळावी. सॉकेट आणि नळाजवळ भोक टाळावे. गाडी भाड्याची असेल तर मालकाच्या अनुमतीवाचून भोक पाडूच नये.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा ट्रेलरच्या दाराजवळ एक पट्टी लावलेली असते. आत किती वजनाचे सामान ठेवता येईल, याचा आकडा तिच्यावर छापलेला असतो. नवी फळी, तिच्यावरचे डबे आणि डब्यांतले धान्य हे सारे त्या आकड्यातूनच वजा होते. घर सजवण्याचा आरंभ ती पट्टी वाचून करावा.