शिशाच्या गोळ्या

उर्दूत शिशाला 'सीसा' म्हणतात आणि काचेला 'शीशा'. वर्गात धातूंचा धडा निघाला की दरवर्षी कुणी ना कुणी मुलगा हात वर करतो आणि विचारतो, "मॅडम, खिडकीचा शीशा धातू कसा?" वर्ग हसतो, मीही हसते. मग फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिते, सीन आणि शीन यांतला तीन नुक्त्यांचा फरक दाखवते. मराठीतली 'शिसपेन्सिल'ही सांगते, कारण तिच्यात शिसे औषधालाही नसते, असते ते ग्रॅफाइट. अणुअंक ८२, वितळणबिंदू ३२७ अंश सेल्सिअस, पाण्याच्या अकरा पटींहून अधिक जड. तास संपतो.

या तासाला मी एक गोष्ट कधी सांगत नसे. हा धातू मी अकराव्या वर्षी स्वतःच्या हाताने वितळवला आहे आणि त्याच्या गोळ्या ओतल्या आहेत. मुसलमानाच्या घरात गोळ्या ओतल्या जात होत्या असे वाचून कुणाच्या भुवया वर जातील. जाऊ द्यात. आमच्याच घरचे लोक एके काळी या शब्दाने किती घाबरले होते, तेही सांगणारच आहे.

आमचे गाव बाणकोट खाडीच्या काठावर, रत्नागिरी जिल्ह्याच्या बाजूला. घरात कोकणी बोली, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. आजोबांना आम्ही बाबाजान म्हणत असू. त्यांच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. कोकणात त्या काळी अशा बंदुका पुष्कळ घरांत असत. रानडुकरे रात्रीत भाताचे आणि नाचणीचे शेत उलथेपालथे करीत. बंदुकीबरोबर एक लोखंडी साचा होता. दिसायला सांडशीसारखा, पण टोकाला दोन अर्ध्या वाट्या. त्या मिटल्या की आत बोराएवढी पोकळी राही. तिच्यात वितळलेले शिसे ओतायचे, थंड झाले की उघडायचे आणि गोळी बाहेर. बाजारातून गोळ्या आणण्याचा प्रश्नच नव्हता, ज्याने त्याने घरीच ओतायच्या. शिकारीचा कायदा १९७२ साली आला. त्याआधीच्या दिवसांत पडलेले डुक्कर आमच्या काही कामाचे नसे. शेजारच्या वाडीतली माणसे येऊन घेऊन जात. "गोळी तुमच्या आजोबांची आणि कालवण आमचं," असे त्या वाडीतली म्हातारी माणसे मला अजून सांगतात. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागले की आणायची. पुढे नजर अधू झाली तेव्हा बाबाजानांनी ती कायमचीच जमा केली. साचा मात्र घरात राहिला. त्यात ते गळाला लावायच्या गोळ्या ओतत.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोट झाले. त्यासाठीची स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी या ठिकाणी उतरवली होती हे मग उघड झाले. दोन्ही ठिकाणे आमच्या खाडीपलीकडच्या श्रीवर्धन तालुक्यातली. मी तेव्हा चार वर्षांची होते, म्हणून यातले सगळे ऐकीव आहे. काठावरच्या मुसलमान वस्त्यांत लोक रात्रीचे दिवे लवकर मालवू लागले. आमच्या दादीने एका रात्री तो साचा जुन्या ओढणीत गुंडाळला आणि ओहोटी लागताना खाडीत फेकून दिला. सकाळी बाबाजानांना कळले. ते काही बोलले नाहीत म्हणे. जहाजावरून सुट्टीवर आलेल्या अब्बांनी एवढेच विचारले, "चिमटा होता तो. चिमट्याला कोण पकडणार?" दादी म्हणाली, "चिमट्याला नाही, तुला पकडतील."

आमच्या घराची झडती झालीच नाही. पण दादीला वेडी म्हणायची माझी हिंमत नाही. ते दिवस तसे होते.

साचा गेला, शिसे राहिले. कारण बाबाजानांचे जाळे होते. हाताने फेकायच्या या गोल जाळ्याला आमच्याकडे पाग म्हणतात. त्याच्या घेराला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. गोळ्यांच्या वजनाने जाळे हवेत पसरते आणि भाकरीसारखे गोल पाण्यावर पडून झटक्यात तळाला बसते. वजन कमी पडले की बोय मासा कडेखालून निसटलाच. एका जाळ्याला तीन-साडेतीन किलो शिसे लागते आणि खडकात अडकून दर हंगामात गोळ्या गळतात. म्हणजे दर पावसाळ्यात नव्या ओतणे आले.

घरात मुलगे दोन. मोठा बोर्डिंगला, धाकटा अजून रांगता. म्हणून बाबाजानांच्या हाताखाली मी. त्यांनी एका चांगल्या भाजलेल्या विटेत बोटभर लांबीच्या खाचा कोरल्या होत्या. आधी रॉकेलच्या दिव्यावर वीट धरून खाचा काजळीने काळ्या करायच्या, म्हणजे शिसे चिकटत नाही. प्रत्येक खाचेत सायकलच्या चाकाची तार आडवी ठेवायची, तिलाही काजळी. तार ओढून काढली की ओवायला भोक तयार. वीट चुलीशेजारी ठेवून गरम करून घ्यायची. थंड विटेत शिसे धड पसरत नाही, गोळीला सुरकुत्या पडतात. आणि ओली वीट तर मुळीच चालायची नाही. पाण्याचा थेंब असला तर त्याची क्षणात वाफ होते आणि शिसे अंगावर उडते. बाबाजानांच्या डाव्या मनगटावर तसा एक पांढरा डाग होता. तो दाखवून ते म्हणत, "पोरी, शिशाला पाण्याचा राग आहे. दोघांची भेट तुझ्या हातून होता कामा नये."

शिसे यायचे गॅरेजमधून, ट्रकच्या मेलेल्या बॅटऱ्यांतले. बाबाजान पाटे फोडायचे, मी करडी भुकटी झाडूने गोळा करायचे. लोखंडी पळी चुलीवर ठेवायची. बराच वेळ काही होत नाही. मग कडेने एक चकाकी सुटते आणि बघता बघता सगळा ढीग खाली बसून आरसा होतो. ते दृश्य मला अजून आवडते, हे कबूल केले पाहिजे. वर राखाडी मळी येते, ती काडीने बाजूला सारायची. पावसाचे दिवस असल्यामुळे हे सारे पडवीत, झापांच्या आडोशाने चाले. धुराला गोडसर वास असायचा. गोळ्या ओवून झाल्या की त्या दोरीवर घट्ट बसाव्यात म्हणून दाताने चावायच्या. बाबाजानांचे दात पडले होते, म्हणून ते काम माझे. चावताना मऊ लागे, चव थोडी गोड. काम झाले की तिथेच बसून आम्ही चहात बटर बुडवून खात असू.

शेवटच्या काही वर्षांत बाबाजानांचे हात कापत. पोट दुखे, जरा जरा गोष्टीवर चिडत. आम्ही म्हणालो, म्हातारपण आहे. असेलही.

मी बी.एस्सी. केले, बी.एड. केले. शिसे विषारी आहे हे पेपरात लिहून मी गुण मिळवले आहेत. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले, हेही वर्गात शिकवले. पण ती पळी आणि ते पुस्तक यांची माझ्या डोक्यात कधी गाठच पडली नाही. पुस्तकातले शिसे मुंबईच्या मोटारींतून निघत होते. आमच्या पडवीतले आजोबांचे होते.

२०२० साली धाकटा भाऊ आखातातली नोकरी सुटून घरी आला. हाताला काम नाही. त्याने माळ्यावरून बाबाजानांचे जाळे काढले, पण निम्म्या गोळ्या गळालेल्या. मला म्हणाला, "आपा, बाबाजान गोळ्या कशा ओतायचे? तुलाच येतं ना?" मला किती आनंद झाला! शाळा बंद होत्या, मी माहेरी होते. वीट शोधली, काजळी धरली आणि सगळे काही त्याला हाताला धरून शिकवले. पुढे गावातले इतरही त्याच्याकडून गोळ्या ओतून घेऊ लागले. त्याचा मुलगा, माझा भाचा, तेव्हा दीड वर्षाचा. पडवीतच रांगायचा.

तीन वर्षांचा झाला तरी तो दोन-चार शब्दांपलीकडे बोलेना. पोट दुखते म्हणून रडायचा, शौचाला होत नसे, चेहरा पिवळट. झाडफूक झाली, जंताची औषधे झाली. शेवटी २०२२ मध्ये मुंबईला नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन प्रश्न विचारले. मुलाच्या डोळ्यांत सुरमा घालता का? आणि घरात बॅटरीचे काही काम चालते का? सुरम्याच्या प्रश्नावर वहिनी दुखावली. मी दुसऱ्या प्रश्नाला उत्तर दिले. उत्तर देताना माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. कानात तापलेले शिसे ओतणे असे मराठीत म्हणतात, ते त्या दिवशी समजले.

रक्तात एका डेसिलिटरमागे ४१ मायक्रोग्रॅम शिसे निघाले. ४५ च्या वर असते तर ते बाहेर काढणारे औषध सुरू करावे लागले असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. पोटात गेलेले शिसे लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेते. शरीराला ते कॅल्शियमसारखे वाटते, म्हणून ते हाडांत जाऊन बसते आणि वर्षानुवर्षे थोडे थोडे रक्तात येत राहते. नंतर मी वाचले की युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात भारतातल्या साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात पाच मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे असल्याचा अंदाज आहे. आमचा एक त्यांत कुठे तरी असणार. सुरम्याचेही खोटे नव्हते. पुष्कळ सुरमे शिशाच्याच खनिजाचे असतात. वहिनीने सुरमेदाणी स्वतःहून माझ्या हातात दिली.

उपाय साधा होता. शिसे घरातून काढा, लोह द्या, दूध-अंडी द्या, हात धुवा. पडवीची वीतभर माती खणली. ती कुठे टाकायची यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी गोण्यांत भरून गडग्याबाहेर, विहिरीपासून दूर खड्ड्यात पुरली, वर गिलावा केला. सहा महिन्यांनी २६, वर्षाने १५. मुलगा आता पहिलीत आहे. बोलतो, पण इतरांच्या मागे. त्यातले किती शिशामुळे आणि किती आपसूक, हे डॉक्टरही सांगत नाहीत. भाऊ मला कधी काही म्हणाला नाही. दादीच्या वेळी बाबाजानही काही म्हणाले नव्हते.

उर्दूत भक्कम गोष्टीला आपण 'सीसा पिलाई हुई दीवार' म्हणतो. हा वाक्प्रयोग मी वर्गात अजून शिकवते. अभ्यासक्रमात आहे. पण आता त्या तासाला पडवीची गोष्टही सांगते. परवा मागच्या बाकावरचा एक मुलगा तास संपल्यावर थांबला. त्याचे वडील भंगारात बॅटऱ्या फोडतात. "घरातच, मॅडम," म्हणाला. त्याच्या घरी अजून जायचे आहे. काय बोलायचे ते ठरत नाही. ते बंद करा म्हणायचे, तर खायचे काय हे त्यांनी विचारल्यावर माझ्याकडे उत्तर हवे.

भावाने जाळ्याला आता लोखंडी नट ओवले आहेत. ते गंजतात, दोरी खातात आणि लोखंड शिशापेक्षा हलके, म्हणून जाळे सावकाश बुडते. बोय निसटतात. तो कुरकुरतो.

पळीचा प्रश्न राहिला आहे. खाडीत फेकावी असे वहिनी म्हणते, पण त्याच खाडीतली कालवे आम्ही खातो. भंगारवाल्याला द्यावी, तर ती कुणाच्या तरी चुलीवर जाईल. तूर्त प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून गोठ्याच्या वाशाला टांगली आहे, मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर.