ग्रहणाआधीच वळलेला पाय

माझा डावा पाय जन्मापासून आत वळलेला. टाच वर, तळवा मागे, आणि अंगाचा सगळा भार पायाच्या बाहेरच्या कडेवर. तिथे घट्टे पडायचे, उन्हाळ्यात ते चिरायचे. बाजारातली एकही चप्पल त्या पायात राहत नसे. सोनाळ्यात मी ब्लाउज शिवते. शिलाई मशीन कायम एकट्या उजव्या पायाने चालवली.

पण पायापेक्षा जास्त सोसलं ते माझ्या मायने. १६ फेब्रुवारी १९८० ला सूर्यग्रहण होतं. कर्नाटक-आंध्रात खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. माय सहा महिन्यांची गरोदर होती आणि त्या दिवशी तिने विळीवर भाजी चिरली. मे महिन्यात मी झाले. पाय पाहताच दोष कोणाचा ते घरात ठरून गेलं. सासू बोलली, नणंदा बोलल्या, पुढे तर मायच स्वतःला बोलू लागली, "म्याच केलं हे." अंगारे झाले, नवस झाले, तेलाने चोळून झालं. दवाखान्यात मात्र कोणी नेलं नाही.

चाळिशीच्या आसपास घोटा इतका दुखू लागला की रात्री झोप लागेना. अकोल्याला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे पाहिला आणि जन्माचा महिना विचारला. ग्रहणाची गोष्ट मीच सांगितली. ते म्हणाले, "बाई, हा दोष पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीतही दिसू शकतो. ग्रहण लागलं तेव्हा तुमचा पाय आधीच वळलेला होता."

मी घरी येऊन हे मायला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे तवाच कोनी सांगतलं असतं तं." एवढंच. पुढे झालेल्या ऑपरेशनपेक्षा मोठा इलाज मला त्या दिवशी मिळाला, असं मी आजही मानते.

ऑपरेशन सोपं नव्हतं. इतक्या वर्षांत हाडंच वाकड्या आकाराची झाली होती, नुसतं ओढून सरळ होणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनी टाचेमागची आखडलेली शीर लांब केली, पायाच्या बाहेरच्या बाजूने हाडाची पाचर कापून काढली आणि घोट्याखालचे तीन सांधे स्क्रू घालून कायमचे जोडून टाकले. मग गुडघ्याखाली प्लॅस्टर. कितीतरी आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, अशी ताकीद होती. घरातली सगळी कामं बहिणीने केली. प्लॅस्टर निघालं तेव्हा पोटरी वाळलेली, पाय सुजलेला. पण तळवा जमिनीकडे होता! वॉकर धरून उभी राहिले आणि टाच फरशीला लागली. टाच टेकते म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

आता दोन्ही पायांत सारखी चप्पल घालते, मशीन दोन्ही पायांनी चालवते. पण जोडलेले सांधे परत हलत नाहीत. पाय वरखाली होतो, डावी-उजवीकडे कलत नाही. वावरात ढेकळांवरून, सातपुड्याकडच्या दगडगोट्यांवरून चालताना जपावं लागतं. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं.

हाच पाय तान्हेपणी नीट झाला असता, तोही सांधे न गमावता. अमेरिकेतल्या आयोवा इथे डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी बसवलेली पद्धत आज आपल्याकडेही वापरतात. बाळाचा पाय हाताने हळूहळू वळवून दर आठवड्याला नवं प्लॅस्टर घालायचं, बहुतेकांच्या बाबतीत टाचेची शीर बारीक छेद देऊन सोडवायची, मग पट्टीला जोडलेले खास बूट. ते आधी तीन महिने जवळपास दिवसरात्र, पुढे चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना. बूट सुटले की पाय परत वळतो, म्हणून इथे आईबापांनी कंटाळून चालत नाही.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या जन्मजात दोषांची तपासणी होते, त्यात वाकडे पायही येतात. बाळाचा पाय आत वळलेला दिसला तर चोळत बसू नका, पहिल्याच आठवड्यात आशाताईंना दाखवा आणि सरकारी दवाखान्यात न्या. आणि त्याच्या आईला ग्रहणाचं काही विचारू नका.