राहून गेलेला प्रश्न

आमच्या महाविद्यालयात बाहेरचे विद्वान आले की हारतुरे, शाल-श्रीफळ आणि जेवणातच दिवस सरायचा. संयोजक मीच. एकदा बुरख्यातली एक मुलगी धावत आली, "सर, मला काही विचारायचं होतं." पाहुण्यांची गाडी केव्हाच निघून गेली होती.

जामिया मिल्लियाची गोष्ट मी वर्गात नेहमी सांगत असे. १९२० साली स्थापन झालेली ही संस्था पै-पैशाला महाग होती. तरी १९३५ मध्ये डॉ. अन्सारींनी तुर्की लेखिका हालिदे एदिब यांना दिल्लीला बोलावले. जामियातील त्यांच्या व्याख्यानाला गांधीजी अध्यक्ष होते.

एका मुस्लिम बाईचे ऐकायला तेव्हा गांधीजी बसले. आमच्याकडे एका मुलीला पाच मिनिटे मिळाली नाहीत. तिचा प्रश्न काय होता, हे मीही विचारले नाही.