हरकते-कल्ब

उर्दू अखबारांत वफातीच्या बातमीत एक ठरलेला शब्दप्रयोग असतो, हरकते-कल्ब बंद होणे. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो आणि आता त्याच माध्यमात शिकवतो, तेव्हा तो हजारदा वाचला आहे. दिल का दौरा आणि हरकते-कल्ब बंद होणे या दोन गोष्टी लोक एकच समजतात. त्या एक नाहीत. दौऱ्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. माणूस घामाने भिजतो, छाती धरतो, पण बहुधा बोलत असतो. हरकत बंद होते तेव्हा हृदयाचा विजेचा ताल बिघडतो, रक्त पुढे ढकलले जात नाही आणि माणूस जागीच कोसळतो. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. छाती दाबायला कोणी नसेल तर दर मिनिटागणिक जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. दौऱ्यातूनच पुष्कळदा हरकत बंद पडते, म्हणून हा घोटाळा.

डिसेंबर २०२३मध्ये अभिनेते श्रेयस तळपदे यांचे हृदय मुंबईत असेच थांबले. डॉक्टरांनी सीपीआर आणि विजेचे झटके देऊन ते चालू केले. त्यांना इस्पितळ जवळ होते. आमच्या रत्नागिरीत १०८ची रुग्णवाहिका २०१४पासून आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही २०२३मध्ये सुरू झाले. अल्लाहचे शुक्र आहे. पण मोहल्ल्याच्या बोळात चार मिनिटांत कोण पोहोचणार?

आमच्या शेजारचे चाचा बोटीवर तांडेल होते. जेटीवर जाळे ओढताना कोसळले. सुटीवर आलेला एक पोरगा तिथे उभा होता. आखातातल्या कंपनीने त्याला सीपीआर शिकवला होता. तो छाती दाबत राहिला, गाडी येईपर्यंत थांबला नाही. चाचा वाचले. मग रातोरात आंबा घाटातून कोल्हापूर, १३० किलोमीटर.

खरा खर्च इथून सुरू झाला. स्टेंटच्या किमतीवर सरकारने २०१७मध्ये मर्यादा घातली, हे खरे. पण बिलात स्टेंट एका ओळीचा. आयसीयू, व्हेंटिलेटर, इंजेक्शने यांच्या ओळी कितीतरी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय २०२३मध्ये झाला, पण ती योजनेतल्या इस्पितळातच चालते, आणि बेशुद्ध माणसाला घेऊन धावणारे यादी बघत बसत नाहीत. बिल झाले ३ लाख ८० हजार. चाचीचे दागिने बँकेत गेले. ज्या घराने आयुष्यभर व्याजाचा पैसा शिवला नाही, ते आता व्याज भरते. डॉक्टरांनी समुद्र बंद केला. बोटीवर कमाई वाट्याची. बोट नाही तर वाटा नाही.

चाची एकदा आमच्या अम्मीला म्हणाली, "मेले असते तर कर्ज तरी झाले नसते." लगेच तिने तौबा केली, पण बोलली ते हिशेबाने खरे होते. मय्यत झाली असती तर कबर, कफन, गुस्ल, सारे जमातीने असरपर्यंत उरकले असते. या कामात आमची जमात कुठे कमी पडत नाही. जिवंत परतलेल्या माणसासाठी मात्र फळांच्या पिशव्या आल्या आणि दुआ झाली.

आम्ही बैठकीत विषय काढला. सूरह तौबात झकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत कर्जदारही आहे. जनाझ्याच्या वेळी मय्यतीवर कर्ज आहे का, हे रसूलल्लाह (स.) विचारीत. मग जिवंतपणी का विचारू नये? एक बुजुर्ग म्हणाले, "मास्तर, उद्या प्रत्येकजण बिल घेऊन येईल." बोलणे चुकीचे नाही. येतीलच. पण रमजानात बाहेरगावच्या पावतीबुकांवर मोहल्ल्यातून किती जाते, तेही कोणी मोजावे.

दुसरे काम बिनपैशाचे होते, ते झाले. तो पोरगा परत जाण्याआधी दोन शनिवार शाळेत आला. नववीच्या मुला-मुलींनी उशांवर सराव केला: छातीच्या मधोमध तळहात, दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दोन मिनिटांत पोरे दमली. दमले की दुसऱ्याने हात घ्यायचा, हेही तो शिकवून गेला.

चाचा आता जेटीवर बसून जाळी विणतात. दागिने सोडवायची मुदत शाबानात संपते. जमातीची त्याआधी एकच बैठक आहे.